तारापूरची तोफ, तारापूरची वीज

बाहेरगावच्या माणसाला ‘तारापूर’ म्हटलं की अणुवीज केंद्र आठवतं. आम्हा चिंचणीकरांना आधी खाडीपलीकडचं गाव आठवतं आणि मग त्या गावातला किल्ला. खाडीच्या उत्तरेला चिंचणी, दक्षिणेला तारापूर, आणि वीज केंद्र त्याहूनही खाली दक्षिणेला, समुद्राकाठी. किल्ला पोर्तुगीजांचा, केंद्राची पहिली जोडी अमेरिकन बनावटीची. मराठ्यांनी किल्ला घेतला १७३९ साली, आणि केंद्राची वीज सुरू झाली १९६९ साली. मध्ये बरोबर दोनशे तीस वर्षं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. पण आहे, आणि तो सांगण्यासाठीच आजचा लेख.

कारणही सांगते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे लहान-मोठे धक्के बसू लागले. तेव्हापासून पुण्या-मुंबईची आणि परदेशातली आमची नातेवाईक मंडळी फोनवर एकच विचारतात, “तुम्ही त्या केंद्राच्या इतक्या जवळ! काही झालं तर?” गावात याची दोन उत्तरं ऐकायला मिळतात. एक, “काही होत नाही हो, सरकारचं आहे ते.” दुसरं, “एक दिवस हिरोशिमासारखं सगळं उडणार बघा.” दोन्ही उत्तरं देणाऱ्यांना आत नेमकं काय चालतं ते ठाऊक नसतं. मी इतिहास आणि मराठी शिकवणारी बाई, पदार्थविज्ञान माझा विषय नव्हे. पण आत काय चालतं ते कळायला जो नियम लागतो तो शाळेच्या पुस्तकातला आहे. संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत. आणि त्याचा इतिहास आपल्या किल्ल्यापासून सुरू करता येतो.

तर आधी किल्ला.

चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी तारापूरचा किल्ला हल्ला करून घेतला. याच लढाईत बाजी भिवराव रेठरेकर पडले. पुढे मे महिन्यात वसई पडली आणि उत्तर कोकणातली पोर्तुगीज सत्ता संपली. हा इतिहास आपण पाठ करतो. पण बुरुजावरच्या गोलंदाजाचा विचार आपण फारसा करत नाही. त्याला एक गोष्ट पक्की माहीत असे. बत्ती दिली की तोफेच्या मागे उभं राहायचं नाही! गोळा पुढे जातो, तोफ मागे येते. म्हणून गाड्याला चाकं, मागे मोकळी जागा, आणि जहाजावर तर तोफेला जाड दोरखंडांनी जखडायचं. नाहीतर शत्रूच्या आधी आपलीच माणसं चिरडायची. या मागे येण्याला आपल्या पुस्तकात ‘प्रतिक्षेप’ म्हणतात. गोलंदाजाला हा शब्द माहीत नव्हता, पण धक्का माहीत होता.

आता जरा हिशोब करू. घाबरू नका, गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे काही नाही. समजा तोफ गाड्यासकट १००० किलोची आहे, गोळा ४ किलोचा आहे आणि तो सेकंदाला ४०० मीटर वेगाने सुटला. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. गोळ्याचा संवेग झाला १६००. बार होण्याआधी दोघंही स्वस्थ होती, म्हणजे एकूण संवेग शून्य. नियम असा की बाहेरून कुणी ढकललं नाही तर एकूण बदलत नाही. मग पुढे १६०० गेले तर मागेही १६०० यायला हवेत. १००० किलोच्या तोफेला ते पुरे होतात सेकंदाला १.६ मीटर वेगाने. माणूस जरा झपझप चालतो तेवढा वेग. (दारूचा धूरही थोडा संवेग पुढे नेतो, तो मी सोडला आहे.)

इथे एक गंमत लक्षात ठेवा, ती पुढे उपयोगी पडेल. संवेग दोघांना सारखा मिळाला, पण ऊर्जा सारखी मिळाली नाही. वरच्याच आकड्यांनी गोळ्याची ऊर्जा येते ३,२०,००० जूल आणि तोफेची अवघी १,२८० जूल. अडीचशे पट फरक! गोळा तोफेपेक्षा अडीचशे पट हलका, म्हणून ऊर्जेचा वाटाही त्याला अडीचशे पट. फुटून दोन बाजूंना जाणाऱ्या जोडीत हलक्याकडे ऊर्जा जास्त जाते. गोलंदाज जिवंत राहतो तो या वाटणीमुळे.

आता मंडळी, थोडं युरोपात जाऊन येऊ, कारण हा हिशोब तिथे लिहिला गेला. आणि तोही सहजासहजी नव्हे. फ्रान्सच्या देकार्तने १६४४ साली आपल्या ग्रंथात सांगितलं की विश्वातल्या हालचालीची एकूण मात्रा कायम राहते. कल्पना थोर होती. पण त्याने दिशा हिशोबात धरली नाही. त्यामुळे त्याच्या टक्करीच्या नियमांत एक असा निघाला की लहान वस्तू कितीही वेगाने येऊन स्थिर मोठ्या वस्तूवर आदळली, तरी मोठी हलणारच नाही. नांगरलेल्या होडीला धक्का देऊन पाहिलेलं आपल्या किनाऱ्यावरचं कुठलंही पोर याला हसलं असतं.

१६६८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने हा प्रश्न पुन्हा उघडला आणि वॉलिस, रेन व हॉलंडचा हायगेन्स या तिघांनी टक्करींचे नियम पाठवले. पुढे जाणारा संवेग अधिक धरायचा, मागे येणारा उणे धरायचा, की हिशोब जुळतो. जमा-खर्चाच्या वहीसारखं. जमेची बाजू आणि नावेची बाजू वेगळी लिहिली नाही तर ताळेबंद कसा लागणार? पुढे न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त याला पक्कं रूप दिलं, आणि या तिघांचा आदराने उल्लेखही केला. १६८७ म्हणजे औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला ते वर्ष. तिकडे तोफा गडगडत होत्या आणि इकडे तोफ मागे का येते याचं गणित छापून निघत होतं.

वसई पडल्यावर तीनच वर्षांनी, १७४२ साली, बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रज गणितज्ञाने तोफखान्याच्या शास्त्रावर पुस्तक काढलं. त्याची युक्ती मला फार आवडते. बंदुकीच्या गोळीचा वेग डोळ्यांनी मोजता येत नाही. मग त्याने एक जड लाकडी ठोकळा लोलकासारखा टांगला आणि त्यात गोळी मारली. गोळी लाकडात रुतली, ठोकळा हळूच मागे झुलला. किती झुलला ते मोजलं. ठोकळ्याचा संवेग म्हणजेच गोळीने आणलेला संवेग, आणि गोळीचं वजन माहीत, मग भागाकार केला की वेग हातात! उत्तर आलं सेकंदाला दीड हजार फुटांच्याही वर. हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य इंजिनिअर होऊन किल्ल्यांच्या दुरुस्तीसाठी आपल्या देशात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात तो नाही, पण असायला हरकत नव्हती.

रॉबिन्सची पद्धत मनात ठेवा. जे दिसत नाही त्याचा वेग, जे दिसतं त्याच्या धक्क्यावरून काढायचा. दोनशे वर्षांनी अगदी हीच पद्धत वापरून एक असा कण सापडला की जो नसता तर तारापूरचं केंद्रही नसतं.

साल १९३२. बेरिलियम या धातूवर अल्फा किरण पाडले की त्यातून काहीतरी निघतं, एवढं माहीत होतं. त्या ‘काहीतरी’वर विजेचा भार नव्हता, म्हणून उपकरणांना ते सरळ दिसत नव्हतं. पॅरिसमध्ये इरेन क्युरी आणि फ्रेडरिक जोलिओ या जोडप्याने त्याच्या वाटेत मेण धरलं, तर मेणातून हायड्रोजनची केंद्रकं, म्हणजे प्रोटॉन, उसळून बाहेर आले. त्यांना वाटलं हा क्ष-किरणांसारखा पण फार जोरकस किरण असावा. केंब्रिजच्या जेम्स चॅडविकला ते पटेना. किरणाने प्रोटॉनला एवढा धक्का द्यायचा तर त्याची ऊर्जा अवाच्या सवा हवी, आणि ताळेबंद काही लागेना. मग त्याने हायड्रोजनबरोबर नायट्रोजनलाही ते ‘काहीतरी’ आदळू दिलं आणि दोघांचे प्रतिक्षेप पाहिले.

हायड्रोजन उसळला सेकंदाला सुमारे ३३,००० किलोमीटरने, नायट्रोजन सुमारे ४,७०० किलोमीटरने. म्हणजे सातास एक. आता येणारा कण ‘म’ वजनाचा आहे असं धरा. हायड्रोजनचं वजन १, नायट्रोजनचं १४. समोरासमोरच्या टक्करीत संवेग आणि ऊर्जा दोन्ही जुळवल्या तर (म + १४) भागिले (म + १) बरोबर ७ असं समीकरण येतं. सोडवून बघा. ६म बरोबर ७, म्हणजे म जवळजवळ १.१७. मोजण्यातली थोडी चूक सोडली तर तो कण हायड्रोजनच्या केंद्रकाएवढ्याच वजनाचा! आज त्याचं वजन १.००८७ धरतात. हाच न्यूट्रॉन. चॅडविकला १९३५ चं नोबेल मिळालं. लोलकाच्या जागी नायट्रोजन आणि गोळीच्या जागी न्यूट्रॉन, बाकी युक्ती रॉबिन्सचीच.

या ‘एवढ्याच वजनाचा’ला फार महत्त्व आहे. लहानपणी भावांबरोबर मी पुष्कळ गोट्या खेळले आहे. आपली गोटी सरळ नेमाने समोरच्या तेवढ्याच गोटीवर बसली की आपली जागच्या जागी थांबते आणि समोरची तिचा सगळा वेग घेऊन पळते. उलट हातोडी ऐरणीवर मारली की हातोडी उसळून परत येते, ऐरण ढिम्म. आपल्या भागात दागिन्यांच्या डाय करणाऱ्यांना हे रोजचंच. सारख्या वजनाच्या टक्करीत वेग पूर्ण देऊन टाकता येतो. फार जड वस्तूवर आपटलं तर वेग जवळपास तसाच राहतो, नुसती दिशा बदलते.

रोममध्ये एन्रिको फर्मी आणि त्याच्या तरुण सहकाऱ्यांना ऑक्टोबर १९३४ मध्ये हेच अचानक गवसलं. न्यूट्रॉनच्या वाटेत मेण धरलं की चांदीत त्यांचा परिणाम कितीतरी पटीने वाढे. कारण मेणात हायड्रोजन भरपूर. न्यूट्रॉन त्यावर आपटत आपटत दमतो, हळू होतो, आणि हळू न्यूट्रॉन दुसऱ्या केंद्रकात सहज शिरतो. पाण्यातही हायड्रोजन असतोच. त्यांनी संस्थेच्या बागेतल्या कारंज्याच्या हौदात प्रयोग करून खात्री केली. पुढे १९३८ च्या अखेरीस जर्मनीत हान आणि स्ट्रासमान यांना युरेनियम फुटतं हे दिसलं, आणि १९४२ च्या डिसेंबरात फर्मीनेच शिकागोत पहिली अणुभट्टी चालवली.

आता परत आपल्या किनाऱ्यावर. अमेरिकेशी १९६३ मध्ये करार झाला, जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या दोन भट्ट्या उभ्या राहिल्या, ऑक्टोबर १९६९ मध्ये वीज सुरू झाली आणि जानेवारी १९७० मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. भारतातलं हे पहिलं अणुवीज केंद्र. आत काय होतं? युरेनियमचं केंद्रक एक न्यूट्रॉन गिळतं आणि फुटतं. त्याचे दोन मोठे तुकडे होतात, बहुतेक वेळा एक हलका, एक जड. दोघं एकमेकांच्या विरुद्ध दिशांना सुटतात, सारखा संवेग घेऊन, आणि हलक्याकडे ऊर्जा जास्त. ओळखीचं वाटतं ना? तोफ आणि गोळा! फुटण्यातून जी ऊर्जा मिळते तिच्यातला पाचात चार भागांहून अधिक वाटा या दोन तुकड्यांच्या पळण्यात असतो. ते इंधनातच मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागात अडकून थांबतात आणि त्यांच्या वेगाची उष्णता होते. त्या उष्णतेने पाणी उकळतं, वाफेने चक्र फिरतं. म्हणजे तारापूरची वीज ही खरोखर प्रतिक्षेपाची वीज आहे.

फुटताना दोन-तीन न्यूट्रॉनही निघतात, सेकंदाला सुमारे २०,००० किलोमीटर वेगाने. इतक्या वेगाने ते पुढच्या केंद्रकाला सहसा फोडत नाहीत. त्यांना सेकंदाला सुमारे २.२ किलोमीटरवर आणावं लागतं. युरेनियमसारख्या जड केंद्रकांवर आपटून एवढं हळू व्हायचं तर दोन हजारांहून अधिक टक्करी लागतील. हातोडी आणि ऐरण! पण पाण्यातल्या हायड्रोजनवर सरासरी अठरा टक्करी पुरतात. गोटीला गोटी. म्हणून पहिल्या दोन भट्ट्यांत पाणी दोन कामं करतं. उष्णता वाहून नेतं, आणि न्यूट्रॉनना हळू करून साखळी चालू ठेवतं. केंद्राची दुसरी जोडी, ५४० मेगावॅटच्या दोन भट्ट्या, २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाल्या. त्या आपल्या लोकांनी बांधल्या आणि त्यात जड पाणी वापरतात. तिथे साधारण पंचवीस टक्करी लागतात, पण जड पाणी न्यूट्रॉन फारसे गिळत नाही, म्हणून साधं नैसर्गिक युरेनियम चालतं.

आता नातेवाइकांच्या प्रश्नाकडे येते. “हिरोशिमासारखं उडेल का?” नाही. बॉम्बला नव्वद टक्क्यांच्या आसपास समृद्ध युरेनियम लागतं, पहिल्या दोन भट्ट्यांतलं तीन टक्क्यांच्या आतलं. शिवाय या भट्टीत पाणी जास्त उकळून वाफ झालं तर तेवढ्या जागेत हायड्रोजन कमी उरतो, न्यूट्रॉन हळू होत नाहीत, आणि साखळी आपोआप मंदावते. १९८६ साली चेर्नोबिलला नेमकं उलटं होतं. तिथे न्यूट्रॉन हळू करायचं काम ग्रॅफाइट करत होतं आणि पाणी काही न्यूट्रॉन गिळत होतं. पाण्याची वाफ झाली तेव्हा गिळणारं गेलं, हळू करणारं राहिलं, आणि भट्टी भडकली. तारापूरच्या जड पाण्याच्या जोडीत हळू करणारं पाणी आणि उष्णता नेणारं पाणी वेगवेगळं असतं, त्यामुळे हा आपोआपचा लगाम तिथे तसा लागू नाही. म्हणून त्यात भट्टी तातडीने बंद करणाऱ्या दोन स्वतंत्र यंत्रणा ठेवलेल्या आहेत.

मग भीती नकोच का? तसंही नाही. साखळी थांबली तरी फुटलेल्या तुकड्यांची किरणोत्सर्गी उष्णता थांबत नाही. बंद करण्याच्या क्षणी ती पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के असते, एक दिवसानंतरही अर्ध्या टक्क्याच्या आसपास. ऐकायला थोडी, पण पाणी मिळालं नाही तर इंधन वितळवायला पुरेशी. ११ मार्च २०११ ला जपानच्या फुकुशिमात हेच झालं. तिथल्या भट्ट्या तारापूरच्या पहिल्या जोडीच्याच कुळातल्या, उकळत्या पाण्याच्या. भूकंप होताच चालू असलेल्या तिन्ही ठरल्याप्रमाणे बंद झाल्या. साखळी थांबली. पण त्सुनामीने पंपांना वीज देणारी जनित्रं बुडवली, आणि तिन्ही भट्ट्यांतलं इंधन वितळलं.

म्हणजे संवेगाचा नियम आपल्याला अर्धं संरक्षण देतो. उरलेलं अर्धं पंप, जनित्रं, पाण्याचा साठा आणि ती सांभाळणारी माणसं यांच्यावर आहे. म्हणून गावच्या सभेत “उडेल का?” असं विचारण्यापेक्षा हे विचारावं. बाहेरची वीज गेली तर पंप किती वेळ चालतील? जनित्रं समुद्रापासून किती उंचीवर आहेत? पाणी कुठून येईल? आणि लोकांना हलवायचं झालं तर बोईसरकडे जायचा रस्ता तेवढ्या गाड्या झेपवेल का? या प्रश्नांना “काही होत नाही हो” हे उत्तर चालत नाही, आकडे द्यावे लागतात.

आणखी एक. क्रियेला तेवढीच प्रतिक्रिया असते हे वाक्य लोक भाषणात समाजालाही लावतात. मी लावत नाही. तोफेत पुढचा आणि मागचा संवेग अगदी बरोबरीचा असतो. समाजात तसा ताळेबंद आपोआप लागत नाही. पहिल्या जोडीची वीज महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांत वाटली गेली. दुसऱ्या जोडीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना आपली जागा सोडून जावं लागलं. वीज हजारो घरांत गेली, धक्का दोन गावांना बसला. निसर्गाची वही निसर्ग स्वतः जुळवतो. माणसांची वही माणसांनाच बसून जुळवावी लागते.

असो. लांबलं जरा. घरी नातवंडं आली की त्यांना आधी दोन सारख्या गोट्या द्या, मग एक गोटी आणि एक मोठा बत्ता. काय थांबतं, काय उसळतं ते त्यांनाच बघू द्या. नंतर त्यांना किनाऱ्यावर नेऊन लांबून केंद्र दाखवा आणि विचारा, “आत पाणी कशाला ठेवलं असेल?” उत्तर त्यांनी दिलं तर मला जरूर कळवा.